कंपवाताची गोळी आणि घड्याळ

कंपवात, अर्थात पार्किन्सनच्या रुग्णांस दिल्या जाणाऱ्या लेव्होडोपा-कार्बिडोपा या गोळीचा प्रभाव काही तासांतच ओसरतो. मग अंग आखडते, गिळणेही कठीण होते. अशा रुग्णांस वॉर्डातील औषधवाटपाच्या ठरावीक वेळा चालत नाहीत. म्हणून अन्य आजारासाठी दाखल करताना नातेवाइकांनी गोळ्या व त्यांच्या वेळांचा कागद परिचारिकेच्या हाती द्यावा, ही आमची आग्रहाची विनंती आहे. आमच्या लेखी तो कागद केसपेपरइतकाच महत्त्वाचा. गोळी एकाएकी बंद केल्यास तीव्र ताप व ताठरता येऊन जिवास धोका संभवतो. उलटीवर सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइडही या रुग्णांस वर्ज्य होय. दूध, डाळ, अंडी यांतील प्रथिनांमुळे काहींना गोळीचा गुण कमी येतो. त्यांनी डॉक्टरांना विचारून ती जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावी, मळमळल्यास एखाद्या बिस्किटासोबत.