सिकलसेलचा हिशोब लठ्ठपणाला लावू नका

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत 'आनुवंशिक' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सिकलसेलनं तो शिकवला. आईवडील दोघेही एएस असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक. तिथं एकाच जनुकावर सारं ठरते.

हाच हिशोब लोक आता लठ्ठपणालाही लावतात. 'तिची आई जाड, मावशी जाड, तीही होणारच,' म्हणून सोयरीक मोडते. बाईसुद्धा म्हणते, 'आमच्या घराण्यातच आहे, काय करणार?' यात थोडं खरं आहे, पण थोडंच.

वजनाशी संबंध असलेले जनुकांमधले फरक शेकडोंनी सापडले आहेत. एकेकाचा जोर अगदी कमी. त्यातला सर्वांत जोरदार म्हणजे एफटीओ नावाच्या जनुकातला, २००७ साली सापडलेला. ज्यांना आई आणि वडील दोघांकडूनही त्याचा जोखमीचा प्रकार मिळाला, त्यांचं वजन युरोपातल्या अभ्यासात तो कोणाकडूनच न मिळालेल्यांपेक्षा सरासरी सुमारे ३ किलो जास्त भरलं. फक्त तीन किलो! बाकीचं ओझं जनुकांवर टाकताना जरा विचार करावा.

हा फरक करतो काय? भात असो की तेल, अंगाला लागून उरलं ते शेवटी चरबीच्या पेशीत साठते. काहींची पेशी त्यातलं थोडं जाळून उष्णता करते, काहींची जपून ठेवते. शिवाय पोट भरल्याची जाणीवही काहींना उशिरा होते. म्हणून एका ताटात जेवणाऱ्या दोन जावांची अंगकाठी वेगळी असू शकते. जाड जावेला 'खादाड' म्हणणं सोडा.

आता बारीक असलेल्यांनी कान द्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचा आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांतही त्यांना हेच दिसलं. इंग्लंडचं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, आपलं २.७ किलोचं, आपल्या बाळाचं मांस कमी, चरबी मात्र त्या मानानं टिकून. यात जनुकांइतकंच, माझ्या मते जास्तच, गरोदर आईच्या खाण्यापिण्याचं आहे. पुढं २००९ मध्ये याज्ञिक आणि हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की, एफटीओचा जोखमीचा प्रकार भारतीयांत मधुमेहाशीही जोडलेला आहे, आणि वजन हिशोबात धरलं तरी तो संबंध पूर्ण पुसला जात नाही. म्हणजे वजनकाटा पाहून निश्चिंत होता येत नाही.

२०११ मध्ये दोन लाखांहून जास्त माणसांची माहिती एकत्र तपासली गेली. अंगमेहनत करणाऱ्यांत एफटीओमुळे येणारी लठ्ठपणाची जोखीम सुमारे २७ टक्क्यांनी कमी दिसली. रोवणी आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत आपल्याला कोणी व्यायाम शिकवू नये. पण ज्यांची शेती सुटली, ज्या दिवसभर दुकानात किंवा मशीनवर बसतात, त्यांचं खाणं जुनंच राहिलं आणि चालणं गेलं. वर चहासोबत बिस्किटाचा पुडा आला. जनुक तेच, फक्त त्याला संधी मिळाली.

आशाताई तीस वर्षांवरच्या बायांचा फॉर्म भरतात, त्यात कंबरेचं माप आणि घरात कोणाला मधुमेह, बीपी आहे का, हे दोन्ही विचारतात. 'नाही' म्हणून टाळू नका. गटात शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे टेप असतोच. पुढच्या बैठकीला आणा. लुगड्याच्या निऱ्या बाजूला करून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून माप घ्या. ८० सेंटीमीटरच्या वर आलं, तर बाई बारीक दिसो की जाड, तिनं उपकेंद्रात जाऊन शुगर आणि बीपी तपासून घ्यावी. आईला मधुमेह असलेल्या मुलीनं आधी जावं.