मोजून पाहा, मगच माना

आमच्या शाळेतून शिकून गेलेले कित्येक विद्यार्थी आज हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या गॅरेजांत काम करून घर चालवीत आहेत. स्मरणिकांत अधिकारी झालेल्यांचा गौरव होतो. हातांच्या विद्येविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते. आम्ही इतिहासाचे शिक्षक असूनही ती उणीव थोडी भरून काढू इच्छितो.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता किती पेट्रोल सोडायचे, हे इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, सेन्सरच्या माहितीवरून ठरवितो. काही कारागीर जुन्या इंजिनाला बाजारातील स्वतंत्र ईसीयू जोडतात. अमेरिकेतील ब्रूस बोलिंग व अल ग्रिपो यांनी घडविलेला मेगास्क्वर्ट हा त्यांपैकीच एक. अडचण येते ती सेन्सर एका कंपनीचा आणि ईसीयूतील तक्ता दुसऱ्या कंपनीचा असला म्हणजे.

तापमानाचा सेन्सर अंश सांगत नाही. तो केवळ आपला विद्युतरोध बदलतो. 20 अंशांना बॉशच्या प्रचलित सेन्सरचा रोध सुमारे 2500 ओहम, तर जनरल मोटर्सच्या सेन्सरचा सुमारे 3500 ओहम असतो. बॉशचा सेन्सर बसवून तक्ता जनरल मोटर्सचा ठेवला, तर ईसीयू 20 अंशांना सुमारे 27 अंश समजतो. थंडीच्या सकाळी पेट्रोल कमी पडते आणि गाडी लवकर सुरू होत नाही. 100 अंशांजवळ दोहोंचे आकडे जवळपास जुळतात. म्हणून गरम इंजिनावर तपासणाऱ्याला हा दोष सापडतच नाही.

हवेच्या दाबाच्या सेन्सरची चूक अधिक घातक ठरते. 250 किलोपास्कलपर्यंत मोजणारा सेन्सर लावून तक्ता सुमारे 100 किलोपास्कलच्या सेन्सरचा ठेवला, तर ईसीयूला दाब प्रत्यक्षाहून बराच कमी दिसतो. पेट्रोल त्याच प्रमाणात घटते. इंजिन ओढत नाही. तशाच स्थितीत भार टाकला तर पिस्टन जळण्याची भीती असते. नुकसान गिऱ्हाइकाचे होते आणि बोल कारागिराला लागतो.

उपाय साधा आहे. तापमानाच्या सेन्सरचे टोक आधी बर्फाच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात, शेवटी गरम पाण्यात बुडवावे. जोडणीचा भाग कोरडा ठेवावा. प्रत्येक वेळी थर्मामीटरने तापमान व मल्टिमीटरने रोध मोजून वहीत लिहावा. या तीन जोड्या ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये भरल्या की नवा तक्ता तयार होतो. ईसीयूच्या आतील जोडरोधाचा आकडाही अचूक द्यावा. मेगास्क्वर्टमध्ये तो सहसा 2490 ओहम असतो. दाबाच्या सेन्सरसाठी मात्र त्याच्या क्रमांकाचे माहितीपत्रक मिळवून त्यातील आकडे भरावेत आणि इंजिन बंद असताना ईसीयू बाहेरच्या हवेचा दाब बरोबर दाखवितो का, हे पाहावे.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथ किंवा गुरूचा मोठेपणा एवढ्यावरून काही मानू नका; स्वतः पारखून घ्या. डब्यावरचे नाव, दुकानदाराचा शब्द आणि उस्तादाची सवय यांनाही हाच नियम लागू पडतो. पालकांना आमची विनंती आहे, आयटीआयला जाणाऱ्या मुलामुलींना पान्यांसोबत एक मल्टिमीटर आणि एक वही अवश्य घेऊन द्यावी.

जय भीम! नमो बुद्धाय!