सत्त्वसार महाराणी येसूबाई

रुग्णाच्या दशविध परीक्षेत चरकाचार्यांनी प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण आणि सात्म्य यांच्यानंतर सत्त्व सांगितले आहे. नाडी, जिव्हा व कोष्ठ पाहण्याच्या घाईत आपणा चिकित्सकांकडून ही परीक्षा बहुधा राहून जाते. प्रवरसत्त्व व्यक्ती शरीराने अल्प असली तरी मोठ्या पीडेतही अव्यग्र राहते, असे आचार्यांचे मत आहे. त्याचे उदाहरण शोधण्यास आम्हां रायगडच्या किनारपट्टीवरील वैद्यांना दूर जावे लागत नाही.

येसूबाई ही शृंगारपूरच्या पिलाजी शिर्के यांची कन्या आणि छत्रपती शिवरायांची ज्येष्ठ सून. संभाजीराजांनी तिला कारभाराचे अधिकार दिले. ‘श्री सखी राज्ञी जयति’ ही तिची मुद्रा प्रसिद्ध आहे. माणगावजवळील गांगवली येथे १६८२ साली तिच्या पोटी शाहूचा जन्म झाला. पुढे वतनाच्या कारणावरून माहेर व सासर यांच्यात वितुष्ट आले, तरी तिची निष्ठा ढळली नाही.

१६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी संभाजीराजे पकडले गेले व ११ मार्चला त्यांची हत्या झाली. रायगडास मोगलांचा वेढा पडला. अशा समयी स्वतःच्या पुत्राचा हक्क बाजूस ठेवून तिने दीर राजारामांना पुढे केले. ज्या सोयराबाईंच्या पक्षाने पूर्वी तिच्या पतीविरुद्ध कारस्थान केले होते, त्यांचाच हा पुत्र. सर्वांनी एकाच गडावर अडकू नये म्हणून राजारामांनी बाहेर पडावे आणि आपण बाळ शाहूसह गड लढवावा, असा विचार तिने मांडला. शोकाच्या ऐन भरात सुचलेली ही युक्ती राज्य तारून गेली. नोव्हेंबरात गड पडला व मायलेक औरंगजेबाच्या छावणीत कैद झाले.

छावणीत बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने त्यांना जिव्हाळा दिला. तरीही बंदिवास तो बंदिवासच. १७०० साली शाहू कृश व पिवळट झाल्याची वार्ता बादशहाच्या कानी गेली. कैदेत शिजवलेले अन्न वर्ज्य मानून तो फळे व मिठाई यांवर राहत होता. पुत्राची ही अवस्था डोळ्यांसमोर असता मातेने काय सोसले असेल, हे वैद्यास सांगावयास नको.

औरंगजेबानंतर १७०७ मध्ये शाहू सुटला. येसूबाईला मात्र ओलीस म्हणून मागे राहावे लागले. पतीनंतर पुत्रही दुरावला, त्यालाही १२ वर्षे लोटली. अखेर आमच्याच किनाऱ्यावरील श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ दिल्लीस गेले आणि १७१९ साली चौथाई-सरदेशमुखीच्या सनदांसह महाराणीला सोडवून त्यांनी साताऱ्यास आणले. बंदिवासाची जवळजवळ ३० वर्षे तेव्हा पूर्ण होत आली होती.

मनोदोषांवर धी, धैर्य आणि आत्मादिविज्ञान हे श्रेष्ठ औषध होय, असे वाग्भटाचार्य सांगतात. येसूबाईच्या चरित्रात धी रायगडावरील निर्णयात दिसते आणि धैर्य पुढील ३० वर्षांत. तथापि तिच्या धैर्यालाही आधार लागला, हे आपण विसरू नये. परक्या राजकन्येची माया आणि कोणीतरी आपल्याला सोडवील ही आशा, हे दोन्ही त्यात होते. सत्त्वावजय चिकित्सेत वैद्याने हाच आधार द्यावयाचा असतो. पक्षाघात, आमवात वा मधुमेह यांसारख्या दीर्घ व्याधीने वर्षानुवर्षे घरात अडकलेला रुग्णही एका परीने बंदिवानच. त्याला केवळ ‘धीर धरा’ असे सांगून भागत नाही. त्याचे सत्त्व प्रवर, मध्यम की अवर हे जाणून, जेथे ते उणे पडेल तेथे आपण उभे राहिले पाहिजे. पुढल्या वेळी रायगडावर गेल्यास राणीवशाच्या ओसाड जोत्यांपाशी क्षणभर थांबावे आणि आपल्या केसपेपरवर सत्त्वाचा रकाना कोरा का राहतो, हे स्वतःस विचारावे, एवढीच आमची विनंती.