तीनचा ठोका आणि जालन्याची जागा

मोबाइलमधला व्हिडिओ किंवा सीसीटीव्हीचं चित्रीकरण कोर्टात पुढे आलं की समोरचा वकील आधी विचारतो, प्रमाणपत्र कुठंय? त्यावर जो निकाल दाखवला जातो त्याला वकीलमंडळी नुसतं ‘अर्जुन पंडितराव’ म्हणतात. हे अर्जुन पंडितराव म्हणजे जालन्याचे अर्जुन खोतकर आणि खटल्यातले समोरचे कैलास गोरंट्याल. भांडण होतं जालना विधानसभेच्या जागेचं.

१०१ क्रमांकाच्या या मतदारसंघात कुंडलिकेच्या दोन काठांवरचा जुना आणि नवा जालना येतो, शिवाय तालुक्यातला बराचसा ग्रामीण भाग. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण इथल्या व्यापाराची. आता तो मान लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांना, बियाण्यांच्या कंपन्यांना आणि मोसंबीला. १९५२ साली जालनेकरांनी आमदार पाठवला तो हैदराबादच्या विधानसभेत, १९५७ ला द्विभाषिक मुंबई राज्याच्या आणि १९६२ ला महाराष्ट्राच्या. दहा वर्षांत तीन विधानसभा झाल्या, गाव मात्र जागचं हललं नाही. जिल्ह्याचं ठिकाण व्हायला १ मे १९८१ उजाडावा लागला. तोवर कलेक्टर कचेरीचं काम म्हणजे औरंगाबादची वारी.

१९९० मध्ये मराठवाड्यात शिवसेना पाय रोवत असताना खोतकर इथून निवडून आले, १९९५ लाही तेच. १९९९ ला काँग्रेसच्या गोरंट्याल यांनी जागा घेतली आणि तेव्हापासून पाळी सुरू झाली: २००४ खोतकर, २००९ गोरंट्याल, २०१४ खोतकर, २०१९ गोरंट्याल, २०२४ पुन्हा खोतकर. सलग दोनदा कोणालाच नाही. दरवेळी दोघं समोरासमोर होतेच असं नाही. २००९ ला खोतकर शेजारच्या घनसावंगीत राजेश टोपेंशी लढायला गेले आणि हरले. पण जालन्याची आमदारकी या दोन घरांबाहेर गेली नाही. खोतकरांचं बळ बाजार समितीत, म्हणजे मोंढ्यात आणि तिथं माल आणणाऱ्या खेड्यांत. गोरंट्यालांचं तेव्हाच्या नगरपालिकेत, जिथं त्यांच्या पत्नी संगीता गोरंट्याल नगराध्यक्ष होत्या. मतदार दर पाच वर्षांनी माणूस बदलतो म्हणून त्याला चोखंदळ म्हणावं, तर निवड त्याच दोघांतून. मला यात चोखंदळपणापेक्षा नाइलाज जास्त दिसतो.

या पाळीतली २०१४ ची फेरी सगळ्यांत गाजली. २५ सप्टेंबरला एकाच दिवशी शिवसेना-भाजपची युतीही तुटली आणि काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही. २७ तारखेला दुपारी तीनपर्यंत अर्ज भरायची मुदत. दोन दिवसांत राज्यभर उमेदवार, पक्षांचे अधिकृत उमेदवारीचे एबी फॉर्म आणि कागदपत्रं यांची पळापळ झाली. जालन्यात निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनात आणि बाहेर कॅमेरे लावलेले होते. कोण कधी आत आलं, कागद कधी हातात दिले, सगळं टिपलं जात होतं. निकालात खोतकरांना ४५,०७८ आणि गोरंट्यालांना ४४,७८२ मतं पडली. फरक २९६.

गोरंट्याल आणि एक मतदार उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. म्हणणं एकच: खोतकरांचा अर्ज तीनच्या ठोक्यानंतर आला. कॅमेऱ्यातल्या चित्रीकरणाच्या सीडी मिळाल्या, पण तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार लागणारं प्रमाणपत्र अधिकाऱ्यांकडे पुन्हापुन्हा मागूनही मिळेना. खंडपीठानं निवडणूक अधिकाऱ्यांच्या साक्षीवर भिस्त ठेवून चित्रीकरण ग्राह्य धरलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये निवड रद्द केली. खोतकर तेव्हा राज्यमंत्री होते. सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि त्यांची मुदत निवांत पूर्ण झाली.

१४ जुलै २०२० ला न्या. रोहिंटन नरिमन यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल आला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ यंत्रच कोर्टात आणलं तर मात्र त्याची गरज नाही. आणि सगळे प्रयत्न करूनही ज्याला ते मिळत नाही, त्याच्यावर अशक्य गोष्टीची सक्ती नाही. गोरंट्याल याच सवलतीत बसले, इतर पुरावाही पुरेसा होता; खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं. एव्हाना २०१९ ची निवडणूक होऊन गोरंट्याल आमदार होऊन बसलेही होते. निवडणूक याचिका कार्यकाळ संपायच्या आत निकाली निघणार नसेल तर ज्याच्यासाठी ती करायची त्या मतदाराच्या हाती काय लागतं? जालन्याच्या वाट्याला नजीर आली, आमदार मिळवून दिला तो मतपेटीनंच.

पुढं दोघांच्या वाटा गमतीदारपणे जवळ आल्या. शिवसेना फुटल्यावर खोतकर एकनाथ शिंदे यांच्याकडे गेले आणि २०२४ ला धनुष्यबाणावर जिंकले. गोरंट्याल २०२५ मध्ये काँग्रेस सोडून भाजपमध्ये आले. पाळीचा हिशेब धरला तर २०२९ ला नंबर गोरंट्यालांचा लागतो. दोघांचे पक्ष ज्या महायुतीत आहेत तिच्या वाटपात मात्र गेल्या वेळी ही जागा शिवसेनेकडे होती, आणि भाजप ती मागणार हे सांगायला मोंढ्यात ज्योतिषी लागत नाही.