अन्नातून ऊर्जा : पेशींतील अखंड व्यवहार आणि प्राणवायूचे मोल

थंडीचा कडाका वाढला की बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपलेल्या व्यक्ती मृतावस्थेत आढळल्याच्या बातम्या येऊ लागतात. उत्तर भारतात, जिथे या शेगडीला अंगीठी म्हणतात, तिथे अशा घटना जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात घडतात. या व्यक्तींच्या पोटात अन्न असते आणि झोपेत त्यांचा श्वासही चालू असतो. तरीही शरीरातील ऊर्जेचा पुरवठा खंडित होतो आणि झोपेतच प्राण जातो. हे का घडते, याचे उत्तर शरीरातील प्रत्येक पेशीत चालणाऱ्या ‘पेशीय श्वसन’ या प्रक्रियेत आहे.

श्वासोच्छ्वास आणि पेशीय श्वसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्वासोच्छ्वास म्हणजे फुप्फुसांत हवा घेणे आणि बाहेर सोडणे. पेशीय श्वसन म्हणजे अन्नघटकांचे टप्प्याटप्प्याने विघटन करून त्यांतील ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात आणणे. पहिली क्रिया दुसरीसाठी प्राणवायू पुरवते आणि तिच्यात निर्माण झालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते.

पेशीचे चलन

भात, भाकरी किंवा पोळी यांतील पिष्टमय पदार्थांचे पचनानंतर ग्लुकोज बनते. मात्र पेशी ग्लुकोजमधील ऊर्जा थेट खर्च करू शकत नाही. ती ऊर्जा आधी ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच एटीपी, या रेणूत भरावी लागते. स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंतील संदेशवहन, नव्या प्रथिनांची निर्मिती अशी बहुतेक कामे एटीपीवर चालतात. म्हणूनच त्याला पेशीचे ऊर्जा-चलन म्हटले जाते.

या रेणूच्या शोधात एका भारतीय शास्त्रज्ञाचा मोलाचा वाटा आहे. आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेतील हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात सायरस फिस्के यांच्यासमवेत स्नायूंतील फॉस्फरसयुक्त संयुगांचा अभ्यास केला. १९२९ मध्ये या दोघांनी एटीपी वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे हा शोध लावला.

एटीपीचे वैशिष्ट्य असे, की त्याचा मोठा साठा करता येत नाही. कोणत्याही क्षणी मानवी शरीरात त्याचे प्रमाण १०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. मात्र तेच रेणू दिवसभर पुनःपुन्हा वापरले जातात आणि पुन्हा भरले जातात. दिवसभरातील ही एकूण उलाढाल साधारणपणे व्यक्तीच्या स्वतःच्या वजनाइतकी भरते. चरबीच्या रूपात शरीर कित्येक आठवड्यांचे इंधन साठवू शकते. तयार एटीपी मात्र फार थोडा वेळ पुरते.

तीन टप्पे

ग्लुकोजपासून एटीपी मिळण्याची प्रक्रिया तीन टप्प्यांत होते. पहिला टप्पा पेशीद्रव्यात पार पडतो. येथे सहा कार्बन असलेल्या ग्लुकोजचे तीन-तीन कार्बनच्या दोन रेणूंत विभाजन होते. या टप्प्याला प्राणवायू लागत नाही. परंतु त्यातून एटीपीचे निव्वळ दोनच रेणू हाती येतात.

दुसरा टप्पा तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियामध्ये, घडतो. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये या चक्राची मांडणी केली आणि त्यासाठी त्यांना १९५३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नातील कार्बन येथे कार्बन डायऑक्साइडच्या रूपात मुक्त होतो आणि ऊर्जासंपन्न इलेक्ट्रॉन वाहक रेणूंच्या स्वाधीन केले जातात. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने यांच्या विघटनातून मिळणारे घटकही बहुतांशी याच चक्रात येऊन मिळतात.

तिसऱ्या टप्प्यात सर्वाधिक ऊर्जा हाती येते. तंतुकणिकेच्या आतील पटलात प्रथिनांची साखळी असते. इलेक्ट्रॉन या साखळीतून पुढे सरकत असताना मुक्त होणाऱ्या ऊर्जेने प्रोटॉन पटलाच्या पलीकडे ढकलले जातात. धरणात पाणी साठावे, तसे ते एका बाजूला साठतात. परत येताना ते एका सूक्ष्म, फिरत्या यंत्रासारख्या विकरातून वाहतात आणि त्या फिरण्याच्या बळावर एटीपी तयार होते. प्रोटॉनच्या या साठ्याची कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. सुरुवातीला तिला मोठा विरोध झाला. परंतु १९७८ मध्ये याच कार्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

साखळीच्या अखेरच्या टोकाला आलेले इलेक्ट्रॉन प्राणवायू स्वीकारतो आणि त्यापासून पाणी बनते. श्वासातून घेतलेल्या प्राणवायूचे रूपांतर थेट कार्बन डायऑक्साइडमध्ये होते, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात पेशीय श्वसनात त्याचे पाणी होते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून या संपूर्ण प्रक्रियेत एटीपीचे सुमारे ३० ते ३२ रेणू मिळतात.

पुरवठा तुटतो तेव्हा

प्राणवायू नसेल, तर साखळीच्या टोकाला इलेक्ट्रॉन स्वीकारणारे कोणी उरत नाही. मग संपूर्ण साखळी तुंबते आणि पेशीला पहिल्या टप्प्यातील दोन रेणूंवरच भागवावे लागते. जोरात धावताना स्नायू काही काळ असे काम करतात आणि त्या वेळी लॅक्टिक आम्ल तयार होते. यीस्ट याच परिस्थितीत अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. मेंदूला मात्र एवढ्या तुटपुंज्या ऊर्जेवर तग धरता येत नाही. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या अवस्थेतही एकूण प्राणवायूपैकी सुमारे एक पंचमांश वापरतो. त्याचा पुरवठा पूर्णपणे थांबला, तर काही मिनिटांतच कायमची हानी होऊ लागते.

बंद खोलीतील शेगडी नेमका हाच पुरवठा तोडते. अपुऱ्या हवेत कोळसा जळाला की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या तुलनेत २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. परिणामी फुप्फुसांत हवा जात असूनही पेशींपर्यंत पुरेसा प्राणवायू पोहोचत नाही. सायनाइडचा घाव याहूनही थेट असतो. ते साखळीतील शेवटच्या विकरालाच निकामी करते. रक्तात प्राणवायू असूनही पेशी तो वापरू शकत नाही.

कार्बन मोनॉक्साइडला रंग किंवा वास नसल्याने धोक्याची जाणीव होत नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि गुंगी ही त्याच्या विषबाधेची लक्षणे असून, झोपलेल्या व्यक्तीला ती कळतही नाहीत. म्हणून बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपू नये. गॅस गिझर असलेल्या स्नानगृहातही हवा खेळती राहील याची काळजी घेणे आवश्यक आहे. विषबाधेची शंका आल्यास बाधित व्यक्तीला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, ११२ या आपत्कालीन क्रमांकावर संपर्क साधावा आणि तिला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. तेथे दिल्या जाणाऱ्या शुद्ध प्राणवायूमुळे हिमोग्लोबिनला चिकटलेला विषारी वायू वेगाने सुटू लागतो आणि पेशींचा थांबलेला व्यवहार पुन्हा सुरू होऊ शकतो.