प्राण्यांची ने-आण करायची आहे? गाडी घेण्याआधी हे वाचा

परवा एका तरुणाने विचारलं, "दादा, जुनी ईको घेऊन पुणे-मुंबई कुत्र्यामांजरांची ने-आण सुरू करू का?" जरूर कर! मी हेच काम करतो आणि मागणी खरंच आहे. बदली झालेली कुटुंबं असतात, एकटे राहणारे आजी-आजोबा असतात. कुत्रा बघून रिक्षावाले थांबत नाहीत, मग दवाखान्यात न्यायचं कसं?

पण आधी कागद. भाडं घेणार तर पिवळी नंबरप्लेट, परमिट आणि व्यावसायिक विमा हवाच. पांढऱ्या प्लेटवर हा धंदा करू नका. अपघात झाला तर भरपाई अडकते. प्रत्येक प्राण्याचं रेबीजच्या लशीचं कार्ड बघा. लांबच्या प्रवासाला पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्रही घ्या.

१९७८च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्यामांजरांना निघण्याच्या किमान २ तास आधी खाणं-पाणी द्यायला सांगितलंय. बोरघाटात त्याचं मोल कळतं. भरल्या पोटी वळणं लागली की बरेच जण ओकतात.

सगळ्यात जपायचं ते उन्हाला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. एप्रिल-मेमध्ये त्यांना मी पहाटेच नेतो. प्राण्याला बंद गाडीत ठेवून चहाला उतरायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही.

मांजर नेहमी पिंजऱ्यात. आत घरची वापरलेली चादर घाला, ओळखीच्या वासाने ते लवकर शांत होतं.

दर, पिंजऱ्याची मापं, काहीही विचारा. सांगतो.