आगोटीआधीचे घर: कौलापासून दरडीपर्यंत

आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांत थंडी घराकडून फारसे काही मागत नाही. एखादी गोधडी जास्त, पहाटे अंगणात शेकोटी, एवढ्यावर ती भागते. घराची परीक्षा घेतो तो पाऊस. पोलादपूर-महाडकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. शिवाय डोक्यावर महाबळेश्वर. तिथले पाणी सावित्री आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यानाल्यांतून याच दऱ्यांत उतरते. म्हणून मे महिना लागला की गावोगाव आगोटीची कामे निघतात.

ही कामे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत आणि बहुतेक घरांत ती नीट होतातही. माझे म्हणणे एवढेच आहे की छपरावर आपण जितका जीव टाकतो, तितका घरामागच्या उतारावर टाकत नाही. त्या उताराकडे येऊच. पण सुरुवात छपरापासून करू, कारण कौले परतणारा गडी मेच्या शेवटी मिळत नाही, त्याला आधीच सांगून ठेवावे लागते.

मंगलोरी कौल आपल्याकडे आले ते १८६५ नंतर. त्या वर्षी बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. या कौलाच्या एका कडेला खाच असते, शेजारच्या कौलाची कड तिच्यात बसते. वरच्या ओळीचे कौल खालच्या ओळीवर चढते आणि कौलाच्या पोटाशी असलेला उंचवटा रिपेला अडकतो. खिळा नाही, सिमेंट नाही. छप्पर कोरडे राहते ते उतारामुळे: पाणी खाचेतून न थांबता पुढे गेले पाहिजे. त्या खाचेत वर्षभराचा पालापाचोळा, धूळ आणि शेवाळ साठले की पाणी थबकते, खाच भरते आणि कडेवरून आत सांडते. त्यामुळे पुष्कळदा कौल धड असते आणि तरी घर गळते. फुटके कौल बदलून काम संपत नाही. एकेक ओळ उचलून, खाच खरवडून, झाडून पुन्हा लावली तरच कौले परतली असे म्हणता येते.

फुटके कौल शोधायची सोपी वेळ म्हणजे भर दुपार. घरातले दिवे घालवून, दारे-खिडक्या लावून माळ्यावर उभे राहा. जिथे उन्हाचा कवडसा दिसेल तिथे आतून खडूने खूण करा. मागच्या पावसातल्या गळतीचे डाग मात्र फसवतात. पाणी वाशावरून घरंगळत खाली येते आणि भलतीकडे टपकते, तेव्हा डागाच्या वर, आढ्याच्या दिशेने शोधायचे. खालचे कौल काढायचे तर आधी त्याच्या वरचे थोडे वर सरकवावे लागते. नवीन ओळी लावताना वळचणीपासून आढ्याकडे जायचे, उलट नाही. आढ्यावरच्या कोन्यांचा जोड उन्हाने तडकलेला असतो, तो याच वेळी भरून घ्यावा. वासे आणि रिपा कौले उघडी असतानाच ठोकून पाहाव्यात. पोकळ आवाज आला तर आत वाळवी आहे. आणि दहा-वीस कौले जास्तीची आणून ठेवावीत, कारण वानरांची टोळी जुलैतही फिरते.

पत्र्याच्या घराला गळतीपेक्षा वाऱ्याची धास्ती मोठी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, ते नियमित पाऊस सुरू होण्याआधी. ज्यांची कामे ‘मृगाला अजून वेळ आहे’ म्हणून राहिली होती, त्यांना वेळ मिळालाच नाही. वारा छपरावरून वेगाने जातो तेव्हा पत्रा वर ओढला जातो, आणि भिंतीबाहेर आलेल्या भागाला खालूनही दाब बसतो. पत्रा सुटतो तो बहुधा या कडेपासून. म्हणून कडेच्या ओळीत हूक जवळजवळ हवेत, गंजलेले बदलायला हवेत आणि वासे भिंतीला पट्टीने बांधलेले हवेत. पत्र्यावर दगड ठेवायची सवय सोडावी. मोठ्या वाऱ्यात तो दगडच खाली येतो.

पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला झड लागते. मातीच्या किंवा मातीत रचलेल्या भिंती एकदा आतपर्यंत भिजल्या की त्यांचा जोर जातो. पूर्वी या बाजूंना पेंढ्याचे किंवा झावळ्यांचे आडोसे बांधत, आता प्लॅस्टिकचा कागद लावतात. कागद भिंतीला चिकटवून ठोकू नये. कामट्यांची चौकट करून भिंतीपासून वीतभर लांब बांधला तर मागे वारा खेळतो आणि भिंत वाळत राहते. चिकटलेल्या कागदामागे ओल कोंडते.

पागोळ्यांचे पाणी रोज एकाच रेषेत पडते आणि जोत्याच्या कडेची माती खणून काढते. त्या रेषेत चपटे दगड किंवा खडी टाकली की पाण्याचा मार तिथे बसतो. शेजारी हातभर रुंदीचा पाट, घरापासून लांब जाणाऱ्या उताराचा. अंगणाचा उतार घराकडे असेल तर तो मेमध्येच फिरवून घ्या.

परसबागेतली कामे हाताला सोपी असतात, पण वेळ साधावी लागते. छपरावर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या पावसाआधी काढा; पिकला फणस एकदम चार कौले घेऊन खाली येतो. शेवग्याचे लाकूड ठिसूळ, त्याच्या शेंगा उतरल्या की उंच फांद्या छाटून टाका, नव्या फुटतात. कापल्या जागी बोर्डो मलम लावावे: एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, दोन्ही वेगवेगळे भिजवून एकत्र केलेले, एकूण दहा लिटर पाण्यात. मलम लोखंडी भांड्यात करू नये. विजेच्या तारेजवळची फांदी स्वतः तोडू नका, महावितरणला कळवा. दोडका, पडवळ, काकडीचे मांडव आताच उभारावेत, ओल्या मातीत रोवलेला खांब वेलाच्या भाराने कलंडतो. हळद आणि अळू लावायचे ते उंच वाफ्यावर, कारण गड्ड्याला ओल हवी असते, पण तुंबलेल्या पाण्यात तो कुजतो.

परसाला दगडी गडगा असेल तर तो का टिकतो हे समजून घेण्यासारखे आहे. चुना-सिमेंट न लावता रचलेल्या गडग्याच्या फटींतून मागचे पाणी निथळून जाते. तोच गडगा मजबूत व्हावा म्हणून कोणी सिमेंटने लिंपून टाकतो, पाणी मागे अडते, माती फुगते आणि पहिल्या मोठ्या पावसात अख्खी भिंत पुढे येते. सिमेंटची भिंत बांधायचीच असेल तर तिला खालच्या भागात पाणी जायला नळ्या ठेवाव्यात आणि मागे मातीऐवजी दगडांचा थर भरावा.

सरपण, गोवऱ्या आणि पेंढा यांना जमिनीची ओल लागू नये म्हणून खाली लाकडांची माच करतात. हा ढीग झोपायच्या खोलीला लागून नको. पहिल्या पावसात बिळांत पाणी शिरले की साप कोरडी जागा शोधत येतात. मण्यार तर रात्रीच फिरते. सरपण काढताना आधी काठीने हलवावे आणि खाली अंथरूण टाकून झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचावी. घाटाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांनी धान्य, गॅस आणि नेहमीची औषधे यांची बेगमी महिनाभराची करावी. आंबेनळीचा रस्ता दरड कोसळून बंद होणे नवे नाही. महाड शहरात सखल भागात राहणाऱ्यांचे काम वेगळे आहे: कागदपत्रे, पिठाची गिरणी, फ्रीज जितके वर नेता येईल तितके वर.

आता घरामागचा उतार. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळियेची वाडी गेली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी कोसळल्या. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. आपल्या डोंगरांत खाली काळा कातळ आणि त्यावर मातीचा थर असतो. पाणी मातीतून मुरते, पण कातळाशी अडते. माती जड होते, मातीच्या कणांमधले पाणी त्यांची एकमेकांवरची पकड सोडवते, आणि थर उतारावरून निघतो. घरासाठी आपण डोंगराचा पाय कापून सपाटी केलेली असेल तर त्या थराचा आधार आपणच काढलेला असतो.

तळियेएवढी दरड कोणत्याही घरच्या कामाने थांबत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण घरामागचा लहान कडा ढासळणे कमी करता येते, आणि मोठ्या दरडीची चाहूल घेता येते. मेमध्ये घराच्या वर चढून जा. वरून येणारे पाणी बाजूच्या ओढ्यात वळवणारा चर असेल तर तो साफ करा, आणि त्याच्या तळाला भेगा असतील तर चिकण मातीने ठोकून भरा, नाहीतर तो चरच पाणी डोंगरात मुरवील. उतारावरचे गवत आणि झुडपे उपटू नका, तिथे नवे खणू नका. बांधाच्या कडेला वाळा लावला तर त्याची मुळे खोल जाऊन माती धरून ठेवतात. जमिनीत नव्या भेगा पडल्या आहेत का, झाडे किंवा विजेचे खांब कलले आहेत का, ते पाहा. पाऊस लागल्यावर झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, नवी जागा फुटून पाणी येऊ लागले, भर पावसात ओढा आटला, किंवा दार चौकटीत अडकू लागले तर पाऊस थांबायची वाट पाहू नका.

यातले काही दिसले तर तलाठ्याला आणि तहसील कार्यालयाला त्याच दिवशी कळवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक दाराजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि रात्री निघायची वेळ आली तर कोणाच्या घरी जायचे, म्हाताऱ्या माणसांना कोण उचलणार, गुरांचे दावे कोण सोडणार, हे मृग निघायच्या आत घरात सगळ्यांनी बसून ठरवा.